विश्वशांतीचे उपासक : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्या काठी, तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर नावाचे एक प्राचीन गाव आहे. आज ते लहानसे खेडे दिसत असले, तरी एके काळी ती विदर्भाची राजधानी होती, असे परंपरा सांगते. भीष्मक राजाची कन्या रुक्मिणी हिचे हे माहेर. कार्तिक महिन्यात येथे मोठी यात्रा भरते. आषाढीच्या वारीसाठी येथून रुक्मिणीमातेची पालखी निघते आणि वऱ्हाड, मराठवाडा ओलांडून पंढरपुरास पोहोचते. या पालखीची प्रथा चारशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

रुक्मिणीचे नाव घेतले की श्रीकृष्णाची आठवण होते आणि श्रीकृष्णाची आठवण झाली की त्याची शिष्टाई डोळ्यांपुढे उभी राहते. कौरव-पांडवांचे युद्ध टळावे म्हणून श्रीकृष्ण स्वतः हस्तिनापुरास गेला. राज्याचा अर्धा वाटा देत नसाल तर निदान पाच गावे तरी द्या, एवढीच त्याची मागणी होती. दुर्योधनाने तीही धुडकावली. पुढे अठरा दिवस युद्ध झाले आणि उभय पक्षांची कुळे उद्ध्वस्त झाली. शांततेसाठी बोलणी करणारा कितीही थोर असला, तरी समोरचा ऐकण्यास तयार नसेल तर काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून माणसापुढे उभा आहे. घरात, गावात आणि राष्ट्राराष्ट्रांतही तो पुन्हा पुन्हा उपस्थित होतो.

याच तिवसा तालुक्यात विसाव्या शतकात एका संताने आपला आश्रम उभारला आणि या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांच्याजवळ सैन्य नव्हते, सत्ता नव्हती, मोठी पदवीही नव्हती. होती ती एक खंजिरी आणि लाखो लोकांच्या हृदयास भिडणारा आवाज. ते संत म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

तुकडोजी महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी ३० एप्रिल १९०९ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडिलांचे नाव बंडोजी आणि आईचे नाव मंजुळाबाई. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. दोन वेळच्या अन्नाची जेथे भ्रांत, तेथे शिक्षणाची सोय कोठून असणार? माणिकचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबले. परंतु भजनाची गोडी त्याला लहानपणापासून होती. गावात कोठेही भजन असो, माणिक तेथे हजर असे. ऐकलेली पदे तो सहज पाठ करी, आणि पुढे पुढे स्वतःही पदे रचू लागला.

वरखेड येथे आडकोजी महाराज नावाचे एक सत्पुरुष राहत असत. माणिकच्या मनावर त्यांचा खोल ठसा उमटला. तो त्यांना गुरू मानू लागला. गुरूंनीच त्याला तुकड्या हे नाव दिले. भिक्षेच्या तुकड्यावर राहणारा असा या नावाचा भाव होता. माणिकने ते नाव अभिमानाने मिरविले आणि आपल्या भजनांच्या शेवटी तीच मुद्रा घालण्यास प्रारंभ केला. पुढे लोकांनी प्रेमाने आणि आदराने त्या नावाचे तुकडोजी महाराज असे रूप केले.

१९२१ मध्ये आडकोजी महाराजांनी देह ठेवला. त्या वेळी माणिक अवघा बारा वर्षांचा होता. गुरूंच्या वियोगाने त्याचे मन घरात रमेना. त्याने गाव सोडले आणि विदर्भातील रानावनांत भ्रमण केले. रामदिघी, सालबर्डी अशा निर्जन ठिकाणी त्याने ध्यानधारणा केली. परंतु अरण्यात राहून केवळ स्वतःच्या मुक्तीचा विचार करावा, हे त्याच्या स्वभावास मानवले नाही. खेड्यापाड्यांतील लोकांचे दारिद्र्य, अज्ञान, आपापसांतील भांडणे आणि जातीजातींतील दुरावा त्याने पाहिला होता. त्या लोकांमध्ये परत जाणे हेच आपले कर्तव्य आहे, असे त्याने ठरविले.

आता त्यांच्या भजनांना नवा रंग चढला. देवाच्या स्तुतीबरोबरच गावाच्या सफाईचा, व्यसनमुक्तीचा, अस्पृश्यतानिवारणाचा आणि एकजुटीचा विषय त्यांच्या पदांत येऊ लागला. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत ते पदे रचीत. खंजिरीचा ताल सुरू झाला, की हजारो लोक तासन् तास एकाग्र होऊन ऐकत बसत. शेतकरी, मजूर, व्यापारी, शिक्षक, स्त्रिया आणि मुले, सारे एकाच मांडवाखाली आणि एकाच पंक्तीत बसत. ज्या काळी विहिरीही वेगवेगळ्या होत्या, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

१९३५ मध्ये नागपूर-अमरावती रस्त्यावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. या आश्रमाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. येथील प्रार्थनामंदिरात कोणत्याही एका देवाची मूर्ती नाही. तेथे केवळ एक अधिष्ठान आहे. हिंदूने त्यात आपला ईश्वर पाहावा, मुसलमानाने आपला अल्ला, बौद्धाने आपला बुद्ध आणि ख्रिस्त्याने आपला प्रभू पाहावा. ज्याला मूर्ती हवी त्याने ती मनात पाहावी आणि ज्याला नको त्याने निराकाराचे चिंतन करावे. मात्र बसायचे सर्वांनी एकत्र, एका वेळी आणि एका शिस्तीने. तुकडोजी महाराज याला सामुदायिक प्रार्थना म्हणत.

ही प्रार्थना म्हणजे केवळ भक्तीचा प्रकार नव्हता. तो एकत्र राहण्याचा रोजचा अभ्यास होता. ज्याच्याशी बांधावरून तंटा आहे, त्याच्याच शेजारी बसून काही वेळ मौन पाळावयाचे, त्याच्याच स्वरात स्वर मिळवावयाचा, हे वाटते तितके सोपे नाही. रोज असे बसणाऱ्या माणसांना परस्परांवर हात उगारणे अवघड जाते. महाराजांचा सारा विचार या साध्या अनुभवावर उभा होता.

महाराजांच्या कार्याची कीर्ती महात्मा गांधींच्या कानी गेली. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना आपल्या आश्रमात बोलावून घेतले. महाराज तेथे काही काळ राहिले. त्यांची भजने गांधीजी आवडीने ऐकत. या सहवासातून महाराजांची देशकार्याची ओढ अधिक दृढ झाली.

१९४२ साल उजाडले. भारत छोडो आंदोलनाची लाट वऱ्हाड आणि नागपूर भागांतील खेड्यांपर्यंत पोहोचली. महाराजांच्या भजनांनी चिमूर, आष्टी, यावली या भागांतील लोकांच्या मनात स्वातंत्र्याची ज्योत आधीच चेतविली होती. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर नावाच्या तरुणाचा बळी गेला. जमाव खवळला आणि काही सरकारी अधिकारी त्याच्या हातून मारले गेले. मागोमाग सैन्य आले. गावावर भयंकर अत्याचार झाले आणि अनेकांना अतिशय कठोर शिक्षा ठोठावण्यात आल्या. आष्टी आणि यावली येथेही लोकांनी प्राण वेचले. महाराजांचे जन्मगाव आज यावली शहीद या नावाने ओळखले जाते, ते याच बलिदानामुळे.

ऑगस्टच्या अखेरीस चंद्रपूर येथे सरकारने महाराजांना अटक केली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. डिसेंबर महिन्यात त्यांची सुटका झाली. एका गोळीतून दुसरा घाव, त्या घावातून तिसरा, आणि अखेरीस निरपराध स्त्रिया-मुलांवर संकट, असा हिंसेचा क्रम या प्रदेशाने त्या वर्षी प्रत्यक्ष पाहिला. सुटकेनंतर महाराजांनी श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या कार्यास वाहून घेतले. गावोगावी शाखा निघाल्या. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यायाम, वाचनालय आणि तंट्यांचा सामोपचाराने निकाल, ही या शाखांची कामे होती.

इकडे वऱ्हाडात हे कार्य चालू असताना, तिकडे जगावर दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटलेला होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने जपानमधील हिरोशिमा या शहरावर अणुबाँब टाकला. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, नागासाकी शहरावर दुसरा बाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमा येथे सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकी येथे सुमारे सत्तर हजार माणसे मृत्यू पावली, असा अंदाज आहे. जे वाचले त्यांपैकी अनेकांना वर्षानुवर्षे दुर्धर रोगांनी ग्रासले. अशा प्रकारचे युद्ध पुन्हा झाले तर कोण जिंकले आणि कोण हरले हे सांगावयासही माणूस उरणार नाही, अशी भीती सर्व जगास वाटू लागली.

युद्ध संपत आले असतानाच राष्ट्रांनी एकत्र येऊन एक नवी संस्था निर्माण करण्याचे ठरविले होते. २६ जून १९४५ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी पन्नास राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी तिच्या सनदेवर सह्या केल्या. भारत तेव्हा स्वतंत्र झालेला नव्हता, तरीही सह्या करणाऱ्यांमध्ये भारताचा प्रतिनिधी होता. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी ही संस्था अस्तित्वात आली. तिचे नाव संयुक्त राष्ट्रसंघ. राष्ट्रांनी आपले तंटे शस्त्रांनी न सोडविता वाटाघाटींनी सोडवावेत आणि कोणी आक्रमण केलेच तर इतरांनी मिळून त्यास आवर घालावा, हा तिचा मुख्य हेतू होय.

राष्ट्रसंघाचा कारभार समजण्यासाठी आपल्या गावचे उदाहरण घ्यावे. गावात तंटा झाला की पंच बसतात. दोन्ही पक्षांचे ऐकतात आणि निवाडा देतात. राष्ट्रसंघातही शांतता आणि सुरक्षितता यांसाठी एक सुरक्षा समिती आहे. तिच्यात प्रारंभी अकरा सभासद होते, १९६५ पासून पंधरा आहेत. त्यांपैकी अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स ही पाच राष्ट्रे कायमची सभासद आहेत. रशियाच्या जागी पूर्वी सोव्हिएत संघ होता. या पाचांना नकाराधिकार आहे. म्हणजे इतर चौदांचे एकमत झाले आणि या पाचांतील एकानेही नकार दिला, तर महत्त्वाचा निर्णय होऊ शकत नाही. बलाढ्य राष्ट्रे संस्थेबाहेर राहू नयेत म्हणून ही योजना केली गेली. परंतु तंटा या पाचांपैकीच एखाद्याचा असेल, तेव्हा पंचांचे हात बांधले जातात. महायुद्धानंतर लवकरच अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात वैर वाढले आणि हा दोष जगाच्या प्रत्ययास आला.

राज्यकर्त्यांच्या सभांनी जेथे काम अडते, तेथे सामान्य माणसांनी आणि धर्माचरण करणाऱ्यांनी पुढे यावे, असा विचार त्या काळी अनेक देशांत बळावत होता. १९५५ मध्ये जपानात विश्वधर्म आणि विश्वशांती या विषयांवर एक परिषद भरली. निरनिराळ्या देशांतून, निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी तेथे जमावयाचे होते. या परिषदेचे निमंत्रण तुकडोजी महाराजांना आले.

प्राथमिक शाळेपुढे न गेलेला, यावलीच्या गरीब घरातील मुलगा आता जगाच्या प्रतिनिधींपुढे उभा राहणार होता. महाराज जपानला गेले, पण त्यांनी आपला वेष बदलला नाही आणि खंजिरीही मागे ठेवली नाही. परिषदेच्या प्रारंभी ती खंजिरी निनादली. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांची भाषा कळत नव्हती. परंतु प्रार्थनेचा भाव समजण्यास भाषेची अडचण पडत नाही. गुरुकुंजात जे घडत होते, निरनिराळ्या श्रद्धांची माणसे एका ठिकाणी बसून एकच मागणे मागत होती, तेच येथे जगाच्या मंडपात घडले.

ही परिषद जपानात भरावी, यालाही अर्थ होता. अणुबाँबचे दुःख प्रत्यक्ष सोसलेला तो एकमेव देश. त्याने स्वतःही युद्धकाळात आशियातील अनेक देशांवर आक्रमण केले होते. युद्धानंतर मात्र त्याने नवी राज्यघटना स्वीकारली, आणि राष्ट्राचा हक्क म्हणून युद्ध करण्याचा तिच्यात त्याग केला. ही घटना १९४७ मध्ये अमलात आली. भारताने १९५२ मध्ये जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाची नुकसानभरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला. पराभूत राष्ट्रास अपमानित न करता त्याच्याशी मैत्री जोडावी, हे धोरण त्यामागे होते. महाराज जपानला गेले तेव्हा तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासदही झालेला नव्हता. पुढील वर्षी, डिसेंबर १९५६ मध्ये, त्यास सभासदत्व मिळाले.

महाराज जपानला गेले त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, हिरोशिमा येथील सादाको सासाकी नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. बाँब पडला तेव्हा ती केवळ दोन वर्षांची होती. कागदाचे हजार करकोचे घडविले की इच्छा पूर्ण होते, अशी जपानात समजूत आहे. रुग्णालयात पडल्या पडल्या सादाको करकोचे घडवीत असे. तिच्या निधनानंतर जपानभरच्या शाळकरी मुलांनी पैसे जमविले आणि १९५८ मध्ये हिरोशिमा येथे मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. युद्ध कोणी सुरू केले हे ज्यांना ठाऊकही नसते, अशा बालकांना त्याची किंमत मोजावी लागते, याची साक्ष ते स्मारक देत आहे.

ज्या वर्षी महाराजांनी जगाच्या परिषदेत भाग घेतला, त्याच १९५५ मध्ये त्यांचा ग्रामगीता हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी एक पाऊल जगाकडे आणि दुसरे पाऊल खेड्याकडे पडावे, यात विसंगती नाही. ओवी छंदातील या ग्रंथात एक्केचाळीस अध्याय आहेत. गावाची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांची उन्नती, संघटनेची शक्ती, गावाचे रक्षण अशा विषयांचे त्यात सोप्या भाषेत विवेचन आहे. जगाचे दर्शन गावातच घ्यावे, हा त्यातील मुख्य विचार. जो मनुष्य आपल्या गल्लीतील शेजाऱ्याशी समजुतीने वागत नाही, तो दूरच्या राष्ट्राशी समजुतीने वागणार नाही. गावे मिळून राष्ट्र होते आणि राष्ट्रे मिळून जग. म्हणून शांततेचा पाया गावात घातला पाहिजे, अशी महाराजांची शिकवण होती.

भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी महाराजांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीलाही महाराजांनी साहाय्य केले. ज्याच्याजवळ अधिक जमीन आहे त्याने भूमिहीनास स्वेच्छेने काही द्यावी, म्हणजे गावातील कलहाचे एक मोठे कारण नाहीसे होईल, हा त्या चळवळीचा आशय होता.

महाराजांच्या विचारांची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. १९५४ मध्ये भारत आणि चीन यांनी पंचशील या नावाने प्रसिद्ध असलेली पाच तत्त्वे मान्य केली होती. एकमेकांच्या प्रदेशाचा मान राखावा, आक्रमण करू नये, एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, समानतेने वागावे आणि शांततेने एकत्र नांदावे, ही ती तत्त्वे होत. परंतु करार कितीही सुंदर असला तरी तो पाळणाऱ्याच्या मनात नसेल, तर कागदावरच राहतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारताच्या सीमेवर आक्रमण केले. हिमालयाच्या कडाक्याच्या थंडीत, अपुऱ्या साधनांनिशी आपले जवान लढले आणि त्यांतील अनेकांनी देह ठेवले.

विश्वशांतीसाठी प्रार्थना करणाऱ्या संताने अशा वेळी काय करावे? आश्रमात बसून सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना करीत राहावे, की आक्रमणास तोंड देणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहावे? महाराजांनी निर्णय घेण्यास विलंब लावला नाही. ते सीमेवर गेले आणि जवानांपुढे त्यांनी भजने गाऊन त्यांचे धैर्य वाढविले. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हाही त्यांनी असेच केले.

जपानमधील परिषदेत शांतीचे गीत गाणारी खंजिरी रणभूमीजवळ वाजावी, हे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु नीट विचार केला असता त्यात विरोध दिसत नाही. शांतता म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे नव्हे. घरात शिरलेल्या दरोडेखोरास अडविणारा मनुष्य शांततेचा वैरी ठरत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेनेही हे तत्त्व मान्य केलेले आहे. एखाद्या राष्ट्रावर सशस्त्र हल्ला झाला, तर सुरक्षा समिती आवश्यक उपाय योजीपर्यंत स्वसंरक्षण करण्याचा त्यास हक्क आहे, असे तिच्या एक्कावन्नाव्या कलमात सांगितले आहे. महाराजांनी शत्रूचा द्वेष करावयास शिकविले नाही, त्यांनी रक्षणाचे कर्तव्य शिकविले. द्वेष आणि रक्षण यांतील भेद ओळखणे फार कठीण असते, आणि युद्धाच्या काळात तर तो विसरलाच जातो. म्हणूनच तो ओळखून वागणाऱ्यांचे मोल अधिक.

राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य नेहमीच निष्फळ ठरते, असेही मानू नये. १९६५ च्या युद्धात सुरक्षा समितीने युद्ध थांबविण्याचा ठराव केला. दोन्ही देशांनी तो मानला आणि २३ सप्टेंबर रोजी लढाई थांबली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे सोव्हिएत संघाच्या मध्यस्थीने करारही झाला. त्या वेळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनाही हे युद्ध वाढू नये असे वाटत होते, म्हणून पंचांचा निवाडा अमलात आला. पंचांमध्ये एकमत असले की तंटा मिटतो, ते नसले की लांबतो, ही गोष्ट गावास लागू आहे तशी जगासही लागू आहे.

त्याच काळात भारताचे जवान परदेशांत एक निराळे कर्तव्य बजावीत होते. १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबल्यावर तेथील युद्धकैद्यांची देखरेख करण्याचे नाजूक काम भारतीय सैन्याने पार पाडले. १९६० नंतर आफ्रिकेतील काँगो देशात भारताचे सैनिक राष्ट्रसंघाच्या ध्वजाखाली शांतिरक्षणासाठी गेले. पुढे अनेक देशांत ही परंपरा चालू राहिली. २००७ मध्ये भारताने लायबेरिया येथे केवळ स्त्रियांचे पोलीस पथक पाठविले. आजवर दोन लाखांहून अधिक भारतीयांनी निळी टोपी घालून असे कार्य केले आहे. परक्याच्या गावात शांतता नांदावी म्हणून त्यांपैकी कित्येकांनी प्राणही अर्पण केले.

डिसेंबर १९६७ मध्ये कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. आपद्‌ग्रस्तांच्या साहाय्यार्थ महाराज तेथेही धावून गेले. मात्र अविश्रांत भ्रमणाने त्यांची प्रकृती आता खालावत चालली होती. दुखणे वाढत गेले, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गुरुकुंजात त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी अण्वस्त्रांचा प्रसार थांबविण्याच्या करारावर राष्ट्रांच्या सह्या घेण्यास प्रारंभ झाला होता. तो करार आज बहुतेक राष्ट्रांनी स्वीकारलेला आहे, परंतु भारताने त्यावर सही केलेली नाही. ज्यांच्याजवळ अशी शस्त्रे आहेत त्यांना ती ठेवू द्यावी आणि इतरांवर मात्र बंधन घालावे, हा भेद भारतास मान्य नाही.

महाराजांच्या निधनास पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. ज्याची शाळा लहानपणीच सुटली, त्याच्या नावाच्या विद्यापीठातून आज दरवर्षी हजारो विद्यार्थी पदव्या घेऊन बाहेर पडतात. संयुक्त राष्ट्रसंघाची सभासदसंख्या आता एकशे त्र्याण्णव झाली आहे. हिरोशिमा आणि नागासाकी यांच्यानंतर युद्धात अणुबाँबचा वापर झालेला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नऊ राष्ट्रांजवळ ही शस्त्रे आहेत, लहानमोठी युद्धे चालू आहेत आणि बलाढ्य राष्ट्रांच्या नकारामुळे सुरक्षा समितीचे काम आजही अनेकदा अडून राहते. श्रीकृष्णाच्या शिष्टाईपुढे जो प्रश्न होता, तो अद्याप सुटलेला नाही.

दरवर्षी महाराजांच्या पुण्यतिथीस गुरुकुंज मोझरी येथे लाखो लोक जमतात. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली की तो अफाट जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. दूरदूरच्या खेड्यांतून आलेले शेतकरी, कडेवर मुले घेतलेल्या माता, वृद्ध आणि विद्यार्थी, कोणीही बोलत नाही. त्यानंतर सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याची प्रार्थना आदराने ऐकतो. तेथून परतणाऱ्या प्रत्येकाच्या गावात कोठे बांधाचा, कोठे पाण्याचा, तर कोठे मानापमानाचा एखादा तंटा वाट पाहत असतो. तो समजुतीने मिटविणे ही महाराजांची खरी पूजा होय. जगाच्या शांततेचे काम तेथूनच सुरू होते, आणि ते काम करण्यास कोणीही लहान नाही.